मे महिन्याचा लाँग वीकेंड आणि प्राग: जाऊन आलेल्यांनी लिहा

असेन्शनच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या) गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवारची रजा जोडली की जर्मनीत सलग चार दिवस हाताशी येतात. तेव्हा सासू-सासरे सांगलीहून आमच्याकडे म्युनिकला आलेले असतील, म्हणून प्रागचं घाटतंय. ‘ही ठिकाणं चुकवू नका’ छापाच्या याद्या ढिगानं वाचल्या. काय सोडलं तर चालेल, हे मात्र कुणी लिहीत नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई शाकाहारी. तुमचे अनुभव सांगा.

न्यूरेंबर्गकर
आधी वार बघा, मग ठिकाणं. जोसेफोव्ह या ज्यू वस्तीतली सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असतात. किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालते, पर्यटकांना दुपारी बारानंतरच आत सोडतात. म्हणजे जोसेफोव्ह शुक्रवारी, किल्ला शनिवारी. चेकमध्ये त्या गुरुवारी सुट्टी नसते, तेव्हा पोचाल त्या दिवशी सगळं नेहमीसारखं चालू असेल.

लेकुरवाळी
आम्ही बाबागाडी घेऊन गेलो होतो. जुन्या शहरात जिकडेतिकडे दगडी फरसबंदी, चाकं खडखडतात आणि गुडघेही. किल्ल्यावर पायथ्याच्या मालास्त्राना भागातून पायऱ्या चढून जाऊ नका. 22 नंबरच्या ट्रामनं पोहोर्झेलेत्सला उतरायचं आणि उतारानं चालत किल्ल्यात शिरायचं. ट्रामचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायला विसरू नका, त्याशिवाय ते तिकीट ग्राह्यच नाही.

इतिहासवेडा
किल्ल्याचं तिकीट सलग दोन दिवस चालतं, त्यामुळे एकाच दिवशी सगळं उरकायची घाई नको. जुन्या राजवाड्यात 1618 सालच्या कडेलोटाची खिडकी आहे. सम्राटाविरुद्ध बंड करून उठलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी त्याचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस असे तिघे तिथून खाली फेकले. तिघंही जगले! पण त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. बंडाचा शेवट बघायचा तर जुन्या चौकात या: 1621 मध्ये तिथे 27 जणांना देहदंड दिला, त्यांच्यासाठी फरशीत 27 पांढरे क्रॉस बसवलेत. लोक त्यांच्यावरून चालत चौकातल्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळाकडे जातात.

त्या घड्याळाबद्दलही सांगतो. ते 1410 सालचं. दर तासाला खिडक्यांमधून येशूच्या शिष्यांच्या बाहुल्या फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो, आणि एवढंच होय म्हणत गर्दी पांगते. खरी मजा तबकडीत आहे. आपले नेहमीचे तास, सूर्यास्तापासून मोजलेले तास, सूर्य-चंद्र कुठल्या राशीत आहेत, सगळं एका जागी. पंचांग बघणाऱ्या माणसाला तिथून हलवणं कठीण जातं. समोरच्या टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची कबर आहे.

पोटोबा
शाकाहारींसाठी तळलेलं चीज (स्माझेनी सीर) बहुतेक खानावळींत मिळतं, पण दोनदा खाल्लं की पुरे होतं. त्यापेक्षा ओव्होत्सने क्नेडलीकी मागवा. पोटात जर्दाळू नाहीतर स्ट्रॉबेरी भरलेले उकडलेले गोळे, वर लोणी आणि किसलेलं ताजं चीज. उकडीच्या मोदकाचे परदेशी चुलतभाऊच. तिथे ते जेवण म्हणूनही खातात. गल्लोगल्ली दिसणारं त्र्देलनीक (दांड्याला गुंडाळून भाजलेला गोड पाव) पारंपरिक प्रागचं म्हणून विकतात, ते काही खरं नाही.

हिशोबी
तिथे युरो नाही, कोरुना चालतो. कार्ड जवळपास सगळीकडे घेतात. पैसे बदललेच आणि दर वाईट निघाला, तर हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, 2019 पासून तसा कायदा आहे. पावती टाकू नका.

ड्रेस्डेनची
पासपोर्ट जवळ ठेवा. शेंगेन (आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेले देश) असलं तरी परतताना आमच्या डब्यात जर्मन पोलीस चढले आणि सगळ्यांची कागदपत्रं पाहिली. सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट हवेत, फोटोकॉपी नको. चार्ल्स ब्रिजवर पहाटे जा, दहानंतर तिथे नुसते खांदे दिसतात. कुटना होराचं हाडांचं चर्च यावेळी राहू द्या.

इतिहासवेडा
कुटना होराला होणाऱ्या विरोधालाच माझा विरोध आहे! ट्रेननं तासाभराचा तर रस्ता.

ड्रेस्डेनची
सासऱ्यांचे गुडघे वाचलेत ना वरती?

म्युनिकवाली (धागा माझाच)
कुटना होरा रद्द. सासूबाईंना कडेलोटाची खिडकी बघायचीच आहे, सासरे घड्याळापाशी थांबतील. म्युनिकहून ट्रेनला सहाएक तास लागतात, तेव्हा गुरुवारची सकाळची गाडी बघते. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं, विनोह्रादी की जुनं शहर?

लेकुरवाळी
विनोह्रादी. तिथून 22 नंबर थेट किल्ल्यापर्यंत जाते.