एक्स-रेचं सी-आर्म यंत्र नाही, मग नेलचं भोक सापडणार कसं?
मोडलेलं हाड जोडायला त्याच्या आत जो धातूचा दांडा म्हणजे नेल बसवतात, त्याचं आहे तेच डिझाइन गरीब देशांसाठी स्वस्त धातूत करा, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. भोसरीत मी रोज नेल बनवतो. खरं अडतं ते सी-आर्मपाशी, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रापाशी. मांडीच्या हाडात नेल ठोकला की त्याचं स्क्रू घालायचं भोक दिसत नाही, एक्स-रेखाली शोधावं लागतं. १९९९ मध्ये डॉ. लुईस झर्कल यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या ‘साइन’ संस्थेने यावर उपाय काढला: भरीव नेल, बाहेरून नेम दाखवणारा साचा म्हणजे जिग आणि स्लॉट फाइंडर नावाची सळई. हाडाला पाडलेल्या भोकातून ती बारीक सळई नेलच्या खाचेत शिरली की सर्जनच्या हाताला कळतं. मग स्क्रू. केवढं मोठं काम आहे हे! फक्त जिग जपा, धुताना आदळू नका. जरासा वाकला तरी नेम चुकतो.