कुळागरात सापडला तो मोल का? आणि डोळे नसताना जमिनीखाली वाट कळते कशी?

पोफळीवाला:
नमस्कार मंडळी. आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात वाळपईजवळ. परवा पाटातला गाळ काढत होतो, पोफळीच्या बुंध्याशी कुजलेला पाला ओढला तर खालून वीतभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, काळपट जांभळं काहीतरी निघालं. अंगभर वळ्या, ओलं आणि इतकं गुळगुळीत की हातात राहीना. गडी वाळा (गांडुळासारखा दिसणारा बारीक साप) म्हणून कुदळ उचलायला लागला, मी थांबवला, तेवढ्यात ते चिखलात घुसलंसुद्धा. डोळे कुठे दिसलेच नाहीत, तोंड कुठलं शेपूट कुठलं तेपण कळलं नाही. मुलगी चौथीत आहे, तिने पुस्तकात मोल, म्हणजे जमिनीखाली बीळ खणून राहणारा छोटा प्राणी, वाचलाय, ती सारखी विचारते की हा मोल का, आणि दिसत नाही तर त्याला कळतं कसं कुठे जायचं. मला उत्तर देता आलं नाही. कोणाला माहीत आहे का?

रानवाट:
मोल नव्हे बाब. मोलच्या अंगावर मऊ केस असतात आणि पुढचे पाय फावड्यासारखे. गोव्यात तो नाहीच, भारतात दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूला हिमालयात मिळतो. आपल्याकडची त्याची लांबची नातेवाईक म्हणजे रात्री भिंतीच्या कडेने चीं चीं करत पळणारी चिचुंद्री, तीसुद्धा वास आणि मिशांवरच चालते.

पण मुलीचा प्रश्न फार चांगला आहे म्हणून सांगतो. युरोपातल्या मोलचा डोळा जेमतेम 1 मिलिमीटरचा, उजेड-अंधार कळण्यापुरता. खरं काम नाकाचं. नाकाच्या शेंड्यावर स्पर्शाचे बारीक बारीक फुगवटे असतात, आयमर नावाच्या शास्त्रज्ञाने 1871 मध्ये त्यांचं वर्णन केलं. अमेरिकेतल्या तारानाक्या मोलचं तर विचारूच नका, नाकाभोवती 22 मांसल बोटं, सगळं मिळून आपल्या बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि त्यावर असे 25,000 फुगवटे! एखादी अळी लागली की ती खायची का नाही हे ठरवून गिळेपर्यंत सेकंदाचा चौथा हिस्सापण लागत नाही. त्या बोटांतली सगळ्यात छोटी जोडी तोंडाजवळ असते, आधी मोठ्या बोटांना काही लागतं आणि मग तो नाक वळवून ही छोटी जोडी तिथे टेकवतो, आपण डोळा वळवून नीट बघतो ना अगदी तसंच. अमेरिकेतलाच दुसरा एक मोल वास दोन नाकपुड्यांनी वेगवेगळा तोलतो, 2013 च्या प्रयोगात डावी नाकपुडी बंद केली तर तो उजवीकडे भरकटायला लागला.

मिरगातला_बेडूक:
वर्णनावरून तुमचं ते देवगांडूळ वाटतं. गांडूळ नाही, सापही नाही, बेडकाच्या गोत्रातला बिनपायांचा उभयचर. वाळ्याला कोरडे चकचकीत खवले असतात, याला ओली कातडी आणि वळ्या, फरक एवढाच लक्षात ठेवा. सत्तरी तालुक्यातल्या केरी गावात मिळालेल्या एका जातीला 2007 मध्ये गोव्याचंच नाव मिळालं, गेजेनिओफिस गोएन्सिस, म्हणजे तुमच्या शेजारचीच गोष्ट.

याचे डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत. पण डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक इवलीशी सोंड असते, पुढे सरकताना ती आत-बाहेर करत मातीतला वास टिपत जातं. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढेच आहे, इतर प्राण्यांत जो स्नायू डोळा आत ओढतो तोच इथे सोंड आत ओढतो आणि डोळ्याजवळची ग्रंथी तिला ओलं ठेवते. म्हणजे डोळ्याचं सामान वास घ्यायला लावलंय! बाहेर कान नाहीत, मातीतली थरथर अंगाला कळते. कवटी एकदम घट्ट, डोक्यानेच माती फोडतं.

पोफळीवाला:
बापरे, आणि आम्ही कुदळ मारणार होतो. मुलीला दोन्ही वाचून दाखवलं, ती आता डोळे मिटून घरभर भिंतीला नाक लावत फिरते. एकच विचारतो, पोफळीची मुळं खातं का हे? गडी म्हणतो खातं.

मिरगातला_बेडूक:
नाही हो, गांडुळं आणि वाळवी खातं, मुळांना तोंड लावत नाही. मादी जमिनीत अंड्यांभोवती वेटोळं घालून राखण करत बसते, म्हणून पावसात पाला उपसलात तर हाताने हळू उपसा, आणि परत दिसलं तर ओल्या हाताने उचलून त्याच पाल्याखाली ठेवा, कोरड्या हातांनी कातडी दुखावते. मुलीला सांगा सोंड बघायची असेल तर भिंग घेऊन ये, अगदी जवळून थोडीशी दिसते.