हॅम रेडिओ: मोबाईल असताना यात नक्की मजा काय? (साताऱ्यातून विचारतोय)

कॉइलवाला_सातारा

नमस्कार मंडळी, माझं साताऱ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, वय ४४. मागच्या महिन्यात लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिथं एका काकांनी हॅम रेडिओ (लायसन्स घेऊन छंद म्हणून दूरच्या लोकांशी बोलायचा रेडिओ) मांडला होता. खिडकीतून वायर बाहेर काढलेली, आणि केरळातला कुणीतरी माणूस त्यांच्याशी बोलत होता. काका त्याला म्हणाले इथं शाळेची पोरं ऐकतायत, तर तो एकेक शब्द तोडून सावकाश सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणाला. बस्स, तेव्हापासून पोरगी (१३ वर्षांची) मागे लागलीय आणि खरं सांगायचं तर मीपण झोपताना तेच आठवत बसतो. घरात सगळे म्हणतात व्हिडिओ कॉल फुकट असताना खरखर ऐकायला पैसे कशाला घालवायचे. मला उत्तर देता येत नाही. जे रोज करतात त्यांनी सांगा, मजा कशात आहे आणि एकट्याने खोलीत बसायचा छंद आहे का हा?

चाळीस_मीटर (नाशिक)

दादा, मी ३१ वर्षं करतोय, सकाळचा चहा रेडिओसमोरच होतो. फोनमध्ये तुम्ही ज्याला लावता तोच उचलतो. इथं तुम्ही सीक्यू म्हणता, म्हणजे जो कुणी ऐकत असेल त्याने बोला, आणि मग बटण सोडून थांबायचं. त्या चार-पाच सेकंदांसाठी मी अजूनही श्वास धरतो. कधी धुळ्याचा माणूस येतो, कधी कुणीच नाही, आणि एकदा रात्री जपानचा आला, बोलणं झालं दीड मिनिटच पण त्याचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे बोलणं झाल्याची पावती, पुढे सहा-सात महिन्यांनी पोस्टाने आलं ते अजून काचेखाली आहे.

आणि यात आभाळाचा भाग आहे हो. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, हवेतला विद्युतभारित डी थर ४० मीटर बँडचे (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचे) सिग्नल बरेचसे खाऊन टाकतो, त्यामुळे आपलं महाराष्ट्र-कर्नाटक-गुजरात असं जवळचं चालतं. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि वरचा एफ थर तोच सिग्नल हजारो किलोमीटर लांब टाकतो. संध्याकाळी बसून पाहा, तासाभरात एकेक देश उघडत जातो, तेच यंत्र, तीच वायर. माझी बायको आता स्वतःच विचारते, आज बँड कसा आहे.

एकटेपणाचं म्हणाल तर उलट आहे. सकाळी आमचं नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक, भरतं, एकजण हजेरी घेतो, प्रत्येकजण कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेलं अक्षरी नाव) सांगतो, हवामान, गुडघे, नातवंडं सगळं निघतं. आमच्यातले एक रिटायर्ड मास्तर सलग तीन दिवस नेटवर आले नाहीत तर चौथ्या दिवशी त्यांच्या गावाजवळचा एक हॅम मोटरसायकल घेऊन घरी गेला, मास्तर तापाने फणफणले होते आणि घरात कुणी नव्हतं. दोन दिवस तोच थांबला तिथं. त्याआधी त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

टेपवाली_यागी (पुणे)

काकांनी आभाळ सांगितलं, मी त्याच्या वरचं सांगते 😊 मी फ्लॅटमध्ये राहते, सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिली नाही, खूप वाईट वाटलं होतं तेव्हा, पण त्यामुळेच मी सॅटेलाइटकडे वळले. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे लावून हातात धरायची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) बनवली आणि एका रविवारी मैत्रिणीला घेऊन सिंहगडाच्या पायथ्याला गेले. स्पेस स्टेशन डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं, त्यात अँटेना त्याच्यामागे फिरवत राहायची. कधीकधी ते १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, आवाजातून चित्र, एक चित्र यायला साधारण दोन मिनिटं लागतात. फोन रेडिओच्या स्पीकरला लावून धरला होता आणि स्क्रीनवर एकेक रेघ उतरत होती, मध्ये माझा हात खाली गेला तिथं खरखरीचा पट्टा आलाय. तो पट्टा असलेलंच चित्र फ्रेम करून लावलंय मी.

ताईसाहेब १३ वर्षांच्या आहेत ना, मग लायसन्सच्या परीक्षेला बसू शकतात, १२ पूर्ण लागतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या लायसन्सला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) नाही लागत, जनरलला लागतं. दोघं मिळूनच अभ्यास करा, ओहमचा नियम तुम्ही तिला शिकवाल, नियमावली ती तुम्हाला पाठ करून घेईल. फी, अर्ज वगैरे दूरसंचार खात्याच्या साइटवर ताजं बघा. आणि प्लीज, लायसन्स हातात येईपर्यंत बोलायचं बटण दाबू नका. तोवर ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे, फोनवर उघडतो.

चाळीस_मीटर (नाशिक)

एक राहिलं. लोक नेहमी आपत्तीचं विचारतात. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी तिथून निरोप पोचवले. २००४ च्या त्सुनामीचं तर बघाच, दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांची टीम पोर्ट ब्लेअरला छंदासाठीच गेली होती, कित्येक वर्षांनी अंदमानातून हॅम स्टेशन चालू झालं होतं म्हणून जगभरचे लोक त्यांना पकडायला धडपडत होते. २६ डिसेंबरला फोन गेले आणि तोच रेडिओ लोकांच्या खुशालीचे निरोप मेनलँडला द्यायला लागला. रोज मजेसाठी वाजवणारा माणूस होता म्हणून त्या दिवशी सगळं तयार होतं.

कॉइलवाला_सातारा

काका, ताई, तुमचं वाचून दाखवलं घरात. काल रात्री तो ट्वेंटेचा रिसीव्हर लावला, पोरगी आणि मी साडेबारापर्यंत जागे, एक बाई कॉलसाइनची अक्षरं अल्फा ब्राव्हो करत सांगत होती ती पोरीने वहीत उतरवून घेतली, इटलीची निघाली! आता लायसन्सला तर बसणारच. पण अँटेना? टॉवर वगैरे परवडणार नाही. परड्यात एक जुना आंबा आहे आणि घराची गच्ची आहे, एवढंच.

बॅलन_कराड

अहो टॉवर कशाला, तुम्ही तर कॉइलवाले! ४० मीटरचा डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली वायर, दोन्ही बाजूला साधारण दहा-दहा मीटर, संपला विषय. तुमच्या दुकानातली वायर चालेल. आधी थोडी लांबच ठेवायची, कापता येते पण वाढवता येत नाही. माझा पहिला डायपोल ६.९५ मेगाहर्ट्झला ट्यून होत होता, मला हवा होता ७.१, मग दोन्ही टोकं वीस-बावीस सेंटीमीटर कमी केली आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) ३ वरून १.३ वर आला. त्या दिवशी चौघंजण मदतीला आले होते माझ्या गच्चीवर, दोघं तर इचलकरंजीहून, आणि कुणी चहापलीकडे काही घेतलं नाही. म्हणून आता माझी पाळी.

रेडिओही लगेच नवा घेऊ नका. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटेक्स म्हणून सर्किट बनवून सगळ्यांसाठी खुलं केलंय, त्यातल्या कॉइल तुम्ही डोळे मिटून गुंडाळाल, आम्हाला त्यातच घाम फुटतो.

लायसन्स यायच्या आधी अँटेना बांधून ऐकायला काय हरकत आहे? कराडहून तास-सव्वातासाचा रस्ता, रविवारी येतो. दोरी फांदीवरून टाकायला गलोल आणि मासे धरायची तंगूस आणतो. आंबा किती उंच आहे आणि गच्चीपासून किती लांब तेवढं पोरीला पावलांनी मोजायला सांगा.

कॉइलवाला_सातारा

मोजलं. गच्चीच्या कठड्यापासून ३४ पावलं, तिची. आंबा घराच्या दुप्पट. रविवारी जेवायलाच या.