परदेशात उन्हाळ्यात रानात तंबू ठोकला तर शेकोटी पेटवावी का?

मुलुंडची भटकी:
जुलैत आम्ही पाच जण मुंबईहून नॉर्वेला गेलो होतो. तिथे कुणाच्या घरापासून १५० मीटर लांब, मोकळ्या रानात तंबू ठोकायला परवानगी लागत नाही. त्या मोकळीकीच्या आनंदात आम्ही दुसरा नियम वाचलाच नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत उघड्यावर आग पेटवायला बंदी असते. आम्ही तळ्याकाठी तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, खिचडी शिजवली. निघताना दोन बाटल्या पाणी ओतलं. राख काळी पडली, धूर थांबला. तेवढ्यात कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा थांबले. काही न बोलता त्यांनी दगड बाजूला सारले आणि काठीने खालचं शेवाळ उकरलं. वीतभर खाली निखारा लाल होता. चुलीपासून हातभर अंतरावरची जमीनही गरम लागत होती! तळ्यातून भांडी भरभरून पाणी आणलं, अर्धा तास ओतत होतो. आजोबा येण्याआधी आम्ही निघून गेलो असतो तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही. माझं मत स्पष्ट आहे: उन्हाळ्यात परदेशात शेकोटी नकोच.

सह्यभटका, बोरिवली:
ताई, वेळेवर कळलं हे बरं झालं. पण एका चुकीवरून ‘नकोच’ म्हणणं पटत नाही. तुमची जागा चुकली. जिथे आग पसरण्याचा धोका उघडच नाही, तिथे नॉर्वेचा कायदाही सूट देतो. फिनलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत तर शेकोटीच्या जागा बांधलेल्या असतात, सरपणही ठेवलेलं असतं. मी वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. विस्तव राखणं ही शिकायची गोष्ट आहे. आपण हातच लावला नाही, तर पुढच्या पोरांना निखारा विझलाय की नाही हेही ओळखता येणार नाही.

करवंद, ठाणे:
दादा, तुमची वीस वर्षं मला मान्य आहेत, पण ती इथल्या जमिनीवरची आहेत. आपल्या पायाखाली कातळ नि मुरूम. वर गवत पेटतं, खाली जळायला काही नसतं. म्हणून तर आपल्याकडे जाळरेषा काढली, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळा पट्टा केला, की वणवा बहुतेक वेळा अडतो. उत्तरेकडच्या त्या देशांत अनेक ठिकाणी खाली पीट असतं, म्हणजे हजारो वर्षं साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ. वाळलं की जमीन स्वतःच सरपण होते. आग आत धुमसत राहते आणि दिवसांनी भलतीकडेच वर येते. २०१८च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये सुमारे २५,००० हेक्टर जंगल जळालं. तुमच्या शेजारचं नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे, तशी दोन पार्कं गेली आणि वर उरलं! इटली, फ्रान्सहून विमानं, पोलंडहून अग्निशमन गाड्या मागवाव्या लागल्या. उघड्या कातळावर पेटवू म्हणाल तर स्वीडनमध्ये तेही करू नका असं सांगतात. दगड तापून तडकतो, ती खूण कायमची राहते.

सह्यभटका, बोरिवली:
कातळाचं माहीत नव्हतं, ते मान्य. पण बंदी नसताना, बांधलेल्या जागी, वारा पडलेला असताना पेटवली तर चूक काय? तुम्ही दोघीही बेफिकीर माणसाचं उदाहरण घेऊन जबाबदार माणसाला अडवताय.

मुलुंडची भटकी:
त्या क्षणी आम्ही स्वतःला जबाबदारच समजत होतो, दादा. पाणी ओतलं होतं ना. बांधलेली जागा आणि बंदी नसलेला दिवस, एवढं असेल तर माझा विरोध मागे घेते. पण बंदी त्या दिवसापुरती, त्या भागापुरतीही निघते, आणि फलक आपल्याला वाचता येतोच असं नाही. नॉर्वेत ‘बोलफोरबूद’ दिसलं तर शेकोटीबंदी समजा. फार कोरडं पडलं की स्टोव्हही बंद करतात.

गॅसवाला, दादर:
स्टोव्हचं निघालंच आहे तर सांगतो. गॅसचं कॅनिस्टर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तिथे उतरल्यावर घ्या. स्कॉटलंडची नियमावली शेकोटीपेक्षा स्टोव्हच वापरा म्हणते. कॅलिफोर्नियात अधिकृत तळाबाहेर स्टोव्हलाही परवाना लागतो, पण तो फुकट मिळतो. ग्रीसमध्ये तर रानात तंबू ठोकायलाच मनाई आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियात योसेमिटीजवळ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल जळालं. वनखात्याच्या तपासानुसार सुरुवात एका शिकाऱ्याच्या बेकायदा शेकोटीतून झाली होती.

सह्यभटका, बोरिवली:
जूनमध्ये भाच्याला घेऊन स्कॉटलंडला जातोय. स्टोव्ह नेतो. तरी शेकोटी मनातून काढणार नाही, बांधलेली जागा मिळाली आणि बंदी नसली तर त्याला पेटवायला शिकवेन. ताई, विझली हे नक्की कसं ओळखायचं? त्या आजोबांनी काही दाखवलं का?

मुलुंडची भटकी:
हो. पाणी ओता, काठीने तळापर्यंत ढवळा, पुन्हा ओता. ‘चुर्र’ आवाज थांबेपर्यंत थांबू नका. मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या, आणि भोवतालच्या जमिनीजवळही. जराही ऊब लागली तर परत पाणी. आवाक्याबाहेर गेलं तर युरोपात ११२, स्कॉटलंडमध्ये ९९९ही चालतो. भाच्याला आधी हे शिकवा, पेटवायचं नंतर.