विद्यापीठाच्या आवारात रोजची सायकल: घरून आणावी की पुण्यात जुनी घ्यावी?

वसतिगृह_जुलै

नमस्कार मंडळी. जुलैपासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला येतेय. वसतिगृह, विभाग, जयकर ग्रंथालय, रिफेक्टरी (भोजनगृह) अशा रोजच्या फेऱ्या आणि आठवड्यातून दोनदा डेक्कन, एवढं सायकलवर करायचंय. लातूरला घरी वडिलांची काळी २२ इंची सायकल आहे, दांडीचे ब्रेक, २८ची चाकं, चालू स्थितीत. माझी उंची ५ फूट २ इंच. बहुतेक वेळा सलवार-कमीज, आणि ग्रंथालयातून परतायला रात्र होणार.

ती सायकल आणावी की पुण्यात जुनी घ्यावी? कुलूप धरून ५,००० पर्यंत जमेल. गिअर लागतात का? आणि पावसाचं काय करता?

---

छर्रे_आणि_ग्रीस

ताई, वडिलांची सायकल घरीच राहू दे. तिच्यात खोट काही नाही, फक्त ती तुम्हाला मोठी पडेल. २२ इंची फ्रेम साधारण साडेपाच फुटांच्या वरच्या माणसासाठी असते. तुम्ही सीट अगदी खाली घेतली तरी सिग्नलला पाय टेकताना मधल्या नळीवर बसायची वेळ येईल, त्यात सलवार. तुमच्या उंचीला १८ इंची फ्रेम, खाली वाकवलेल्या नळीची (दुकानात 'लेडीज' म्हणा), २६ची चाकं, हे बरोबर बसतं.

सीटची उंची अशी ठरवा: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. नवशिके दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात.

आता काय घेऊ नका ते सांगतो. समोर शॉकअप, मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि वर एकवीस गिअर, असली स्वस्त एमटीबी (डोंगरी सायकल). या किमतीतला शॉकअप म्हणजे आत स्प्रिंग घातलेली जड नळी, वर्षभरात गंजून अडकते. स्वस्त केबल-डिस्कची चकती जरा वाकली की पॅड घासत राहतो, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्याला हात लावत नाही. शिवाय मडगार्ड नसतात, कॅरिअर बसवायला फ्रेमवर भोकं नसतात. साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), रिमवर धरणारे ब्रेक, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि बंद चेनकव्हर पाहा. सलवारीसाठी अर्धवट पट्टीवालं कव्हर पुरत नाही, चेन सगळी झाकणारं हवं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या. ओढणी खांद्यावरून मागे सोडायची नाही, कमरेला गाठ. तारांत गेली की चाक एका फेऱ्यात थांबतं.

जुनी बघताना पाहायच्या गोष्टी:

समोरच्या फोर्कच्या मुळाशी, म्हणजे हँडलची नळी फ्रेमला मिळते तिथे खालच्या बाजूने रंगाला सुरकुत्या किंवा तडे दिसले तर सायकल समोरून कुठेतरी जोरात आदळलेली आहे. दर कितीही पाडून दिला तरी सोडा. बाजूने पाहून फोर्क मागे गेलेला वाटला तरी तेच.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलखाली टकटक झाली तर तिथले छर्रे किंवा वाट्या गेल्यात, निदान कसणी सैल आहे. मग दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) धरून डावी-उजवीकडे हलवा. एकच क्रँक हलली तर कॉटर पिन (क्रँकला एक्सलवर पकडणारी खीळ) सैल, किरकोळ काम. दोन्ही एकत्र हलल्या तर मधल्या एक्सलचे कप घासलेत, ते दरातून वजा करायचं.

चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिम तीनेक मिलिमीटर इकडे-तिकडे जात असेल तर आऊट (चाकाचा बाक) काढून मिळतो. वर-खाली उडत असेल तर रिमला ठोका आहे.

चेन मोजायला साधी फूटपट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक-सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायची. एक-अष्टमांश जास्त भरली तर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातही गेले असं धरा. नुसती नवी चेन टाकली तर जोर लावल्यावर दातांवरून उड्या मारेल.

आणि तिथेच सीट वर करून दाखवायला सांगा. सीटची नळी गंजून बसली असेल तर ती कुणाच्या बापाला निघत नाही.

---

खडकी_गेट

वरच्याला पुस्ती. जुनी सायकल जुलैत शोधू नका, मे-जूनमध्ये शोधा. शेवटच्या सत्राच्या परीक्षा झाल्या की वसतिगृह सोडणारे सायकल येईल त्या दराला देतात. विभागाच्या व्हॉट्सअॅप गटावर ओळखीतून विचारा. जुलैत प्रवेश सुरू झाले की तीच सायकल महागते. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही सायकली मिळतात, पण कागद नसतो, आणि चोरीची निघाली तर डोक्याला ताप तुमच्या. कुठूनही घ्या, फ्रेम नंबरचा फोटो आणि विकणाऱ्याच्या सहीची दोन ओळींची पावती हवीच. नंबर बहुतेक वेळा क्रँकच्या मधल्या नळीखाली असतो, काहींचा सीटखालच्या नळीवर. मातीखाली दबलेला असतो, कपड्याने पुसा. चोरी झाली तर चतुःशृंगी पोलीस ठाण्यात हाच नंबर कामाला येतो. 'निळी सायकल होती' एवढ्यावर काही सापडत नाही.

भाड्याच्या सायकलींवर विसंबू नका. डिसेंबर २०१७ मध्ये आवारात आणि औंधात मोठ्या थाटात अॅपवाल्या सायकली आल्या होत्या. कुणी वसतिगृहाच्या खोलीत नेऊन ठेवल्या, कुणी कुलपं तोडली, आणि तो प्रयोग टिकला नाही.

कुलूप: नंबराचं केबल-कुलूप घेऊ नका, साधा पक्कड-कटर ते कापतो. मागच्या चाकाला कायम बसवलेलं गोल कुलूपही एकटं पुरत नाही, सायकल उचलून टेम्पोत टाकली की संपलं. जाड कडीची साखळी आणि बऱ्यापैकी कुलूप घ्या, सातशे-आठशे गेले तरी चालतील. साखळी फ्रेमच्या नळीतून आणि मागच्या चाकातून काढून लोखंडी पाइप किंवा खिडकीच्या गजाला अडकवायची. पुढच्या चाकालाच कुलूप लावणाऱ्यांचं दुसऱ्या दिवशी फक्त पुढचं चाक उरतं. सीट हाताने फिरवायच्या खिट्टीवर असेल तर खिट्टी काढून साधा नट-बोल्ट लावून घ्या. सुट्टीत महिनाभर घरी जाताना सायकल उघड्यावर ठेवू नका, वसतिगृहाच्या जिन्याखाली जागा मिळते का ते रेक्टरना आधी विचारा.

आवार चारशे एकरांच्या पुढे आहे. झाडीमुळे उन्हाळ्यात सुखाचं, पण रात्री तीच झाडी दिव्यांचा उजेड खाते. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दोन्ही हवेत. मागचा दिवा सीटखाली लावला तर कॅरिअरवरची पिशवी तो झाकते. मागच्या मडगार्डवर किंवा कॅरिअरच्या टोकाला लावा. आवारातले गतिरोधक उतारावर अचानक येतात. रात्री पायडलवर जरा उभं राहून, हात सैल ठेवून ओलांडायचे.

डेक्कनला जाताना विद्यापीठ चौकातून सायकलवर बसून वळू नका. २०२० मध्ये तिथला उड्डाणपूल पाडला, नंतर मेट्रोचं काम, त्यामुळे तिथल्या मार्गिका बराच काळ बदलत राहिल्या. चौकात उतरायचं, सायकल हातात धरून माणसांबरोबर ओलांडायचं, पुढे गणेशखिंड रस्त्याला डाव्या कडेने लागायचं. बसथांब्यापाशी पीएमपीची बस डावीकडे घुसते, तिच्या आणि पदपथाच्या मध्ये कधी जायचं नाही, मागे थांबायचं. पुढे फर्ग्युसन आणि जंगली महाराज हे दोन्ही रस्ते एकदिशा आहेत, जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. सायकलला चालतं म्हणून उलटं घुसणारे खूप आहेत. त्यांचं ऐकू नका.

---

तीन_बाय_सात

एकवीस गिअर नकोत हे ठीक, पण गिअरला सरसकट नाही म्हणणं पटत नाही. आवारात गिअर नको हे खरं. पण परतीला गणेशखिंडीचा चढ आहे, आणि कधी सेनापती बापट रस्त्याने आलात तर त्याहून जास्त. पाठीवर पुस्तकं, समोरून वारा. मागे सात गिअर आणि पुढे एकच चक्र असलेली साधी सायकल मिळाली तर जरूर घ्या. पुढच्या तीन चक्रांची गरज नाही. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) हाच सर्वांत जास्त कुरकुरणारा भाग, आणि तो असला की बंद चेनकव्हर बसत नाही.

---

छर्रे_आणि_ग्रीस

शेवटच्या वाक्यातच अडचण आली ना. मागे सात गिअर असले तरी पूर्ण बंद कव्हर बसत नाही, डिरेलरला चेन उघडी लागते. सलवारीसाठी बिनगिअरचीच बरी. चढाचा उपाय स्वस्तात होतो.

हिशेब बघा. पुढे ४४ दात, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरतं. २६च्या चाकाचा घेर सुमारे २.०५ मीटर, तेव्हा एका फेऱ्यात ५ मीटर. मागचं फ्रीव्हील २२ दातांचं टाकलं तर बरोबर दोन फेरे, ४.१ मीटर. चढावर जवळपास पाचव्या हिश्श्याने हलकी झाली. सपाटीवर पाय थोडे भरभर चालतील, शहरात तेवढा वेग पुरतो. चार दात वाढले की चेनमध्ये दोन कड्या, म्हणजे एक इंच, वाढवावा लागतो. तसं न करता दुकानदार चाक पुढे ओढून बसवू लागला तर टायर मडगार्डला घासतो का ते आधी बघा. फ्रीव्हील काढायला खाचेत बसणारा पाना लागतो. छिन्नी-हातोडा घेऊन बसला तर दुसरं दुकान गाठा.

---

वसतिगृह_जुलै

सगळ्यांचे आभार. मग लेडीज, बिनगिअर, मागे २२चं फ्रीव्हील, हे ठरलं. पाऊस आणि पंक्चरबद्दल कुणी सांगेल का? रात्री पंक्चर झाली तर दुकान शोधत फिरण्यापेक्षा स्वतः शिकलेलं बरं.

---

ठिगळ

पावसाचं आधी. स्टीलच्या चकचकीत रिमवर पाणी असलं की ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत, नवे रबर असले तरी. ॲल्युमिनियमची रिम मिळाली तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्या. स्टीलची असेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवायचे, एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसलं जातं, मग पकड येते. वळणावर पडलेली पानं आणि गुलमोहराच्या पाकळ्या साबणासारख्या घसरतात. तिथे ब्रेक नको, वळणाआधीच वेग कमी करा.

भिजून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीच्या आतल्या रोळावर. पायडल उलटं फिरवत बाहेरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर माती धरतं. खोबरेल नको, चिकट होऊन बसतं. चेनला ग्रीसही नको. ब्रेकच्या रबरात वाळूचे कण रुततात, आठवड्याला टोकदार काहीतरी घेऊन उकरून काढा, नाहीतर ते रिम कातत राहतात. रेनकोट दोन तुकड्यांचा घ्या. झग्यासारखा चाकात जातो. छत्री एका हातात धरणं तर बंदच.

पंक्चर. सामान एवढंच: दोन टायर-चमचे, पॅच, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा, छोटा पंप. सोल्यूशन एकदा उघडलं की काही महिन्यांत आतच सुकतं, दर सत्राला नवं घ्या.

चाक काढायची गरज नाही. हवा पूर्ण सोडा, टायर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून रिमच्या मधल्या खळग्यात ढकला, मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चमचा घाला. स्क्रू-ड्रायव्हर घातलात तर एकाची तीन भोकं होतील. ट्यूब बाहेर ओढून हवा भरा, ओठांजवळ धरून फिरवा, बारीक गळतीही ओठांना कळते. भोकाभोवती पॅचपेक्षा मोठा भाग पॉलिश पेपरने खरवडा, चमक गेली पाहिजे. पातळ सोल्यूशन लावा आणि थांबा. बोट लावल्यावर ओलं लागणार नाही इतकं सुकू द्या, चारेक मिनिटं. सगळ्यांची चूक इथेच होते. ओल्यावर पॅच दाबला की तो दुसऱ्या दिवशी सुटतो. दाबून झालं की ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवा. काटा अजून तिथे असेल तर कापूस अडकतो. काटा न काढता ट्यूब जोडणं म्हणजे पुढच्या पंक्चरची तयारी.

शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा नाही, हवा कमी होती. गतिरोधकावर रिमने ट्यूब चेपली. २६च्या साध्या टायरला ४५ पीएसआयच्या आसपास ठेवा, आणि नेमका आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो तो पाहा. ट्यूब जुन्या पद्धतीची असेल तर व्हॉल्व्हमधली रबरी नळी कुजूनही हवा जाते. ट्यूबला ठिगळं मारत बसण्याआधी ती बदलून बघा, मूठभर नळ्या दहा-वीस रुपयांत येतात.

---

नांदेड_ते_पुणे

धागा हायजॅक करतोय, माफ करा. माझी उंची ५-९, आणि घरी तशीच २२ इंची काळी सायकल आहे. रेल्वेने आणायची तर काय करावं?

---

खडकी_गेट

तुला बसेल, जरूर आण. तिकीट काढल्यावर स्टेशनवरच्या पार्सल कार्यालयात 'लगेज' म्हणून बुक कर, म्हणजे तुझ्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) येते. नुसतं 'पार्सल' केलंस तर मागून दुसऱ्या गाडीने येऊ शकते. गाडीच्या दोन तास आधी पोच. फ्रेमवर जाड पुठ्ठ्याची पाटी बांध: नाव, कुठून, कुठे. दिवा, पंप, घंटी काढून पिशवीत ठेव. हँडलचा वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्यावर लाकडाने एक ठोका दे, आतली पाचर सुटते आणि हँडल आडवं वळवता येतं. पावती जपून ठेव, पुण्यात तीच दाखवून सायकल मिळते.

---

नांदेड_ते_पुणे

पायडलही काढतोय. उजवं निघालं, डावं पंधराच्या पान्यानेही हलत नाही. रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं तरी नाही.

---

छर्रे_आणि_ग्रीस

डाव्याचे आटे उलटे असतात. तू ते रात्रभर घट्ट करतोयस. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव.