हृदयाच्या बाळांचं औषध आणि हाडं : घरच्यांना कधी सांगावं?

रामबागची आजी, इंदूर
माझा नातू निळसर जन्मला. फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाटच बंद होती. जन्मानंतर मिटणारी एक रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन ई-१ सुरू केलं. वजन भरेपर्यंत ते पाच आठवडे अखंड चाललं. ऑपरेशन होऊन घरी आणलं आणि मी तेल लावायला घेतलं. नडगीला बोट लागलं की बाळ कळवळायचं. हाताची सवय नाही म्हणून रडतोय असं समजून मी चार दिवस रगडत राहिले! एक्स-रेत हाडाच्या कडेने दुसरी पांढरी रेघ निघाली. हे औषध लांबलं की हाडावर नवा थर चढतो, हे डॉक्टरांना १९८० पासून ठाऊक आहे. मग आम्हाला कुणी का सांगितलं नाही? औषध लावतानाच सांगायला हवं.

सुदामानगरचा मामा
आजी, हे मला पटत नाही. भाचीला रात्री दोन वाजता दाखल केलं. या औषधाने श्वास थांबू शकतो एवढं ऐकूनच मेहुण्यांचा सही करताना हात थरथरत होता. त्यात हाडांचं काढलं असतं तर ते अडले असते, आणि तेवढा वेळ नव्हता. तो थर औषध बंद झाल्यावर काही महिन्यांत जिरतो. जीव आधी.

रामबागची आजी
पहिल्या रात्री नका सांगू. पण पुढे पाच आठवडे होते ना?

वॉर्डातली ताई
मामा, मी नवजात बाळांच्या आयसीयूत नोकरी करते. जिरतं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. पाय सुजलेला, हात लावू देत नाही, रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाड बनताना वाढणारं द्रव्य, वाढलेलं. नवख्या डॉक्टरला हाडात जंतुसंसर्ग वाटतो आणि नको ती अँटिबायोटिक्स सुरू होतात. मारहाणीचा संशयही आईबापांवर येऊ शकतो. लघवीचं फ्युरोसेमाइड महिनोन्महिने चाललं तर उलटंच होतं, कॅल्शियम लघवीवाटे जाऊन हाडं ठिसूळ होतात. सुट्टीच्या कागदावर एक ओळ तरी हवीच.

सुदामानगरचा मामा
कागदावर ओळ हवी, हे मान्य. पण आधी सांगण्याला माझा विरोध कायम आहे. आणि भांडायचंच तर पाच आठवडे का लागले यावर भांडा. त्याच रक्तवाहिनीत ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घालता येतो; नाहीतर रक्ताला फुप्फुसांकडे दुसरी वाट काढून देणारा शंट करता येतो.

रामबागची आजी
बाळ १ किलो ८०० ग्रॅमचं होतं हो, थांबणं भागच होतं. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. ते चार दिवस मात्र डोक्यातून जात नाहीत. आता नडगी धरली तरी तो हसतो, पण मी तेल नुसतं तळहाताने पुसते, दाब देववत नाही.