स्विचवर माइनक्राफ्ट पुन्हा घ्यावा का?

'निन्टेंडोच्या जुन्या वी यू कन्सोलवर माइनक्राफ्ट आहेच, मग त्यांच्याच स्विच कन्सोलसाठी तोच खेळ परत पैसे मोजून का घ्यायचा?' प्रश्न रास्त आहे, पण खेळ अगदी तोच नाही. मे 2017 मध्ये स्विचवर आलेली पहिली आवृत्ती फोरजे स्टुडिओज या स्कॉटिश कंपनीने केलेली. तिच्यात खेळातल्या ठोकळ्यांच्या जगाला कडा होती: 3072 बाय 3072 ठोकळे. वी यू वर 864 बाय 864 च होते, म्हणजे क्षेत्रफळ बारापटीहून जास्त झालं. मारिओच्या पात्रांचा नि जगाचा पॅक त्यातच मिळायचा आणि एका टीव्हीवर चौघं खेळू शकायचे. घरात दोन पोरं असतील तर माझ्या मते एवढ्यावरच पैसे वसूल!

जून 2018 ला बेडरॉक, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवर एकत्र खेळता येणारी आवृत्ती आली, आधीच्या ग्राहकांना फुकट. मग स्विचवाले एक्सबॉक्स आणि मोबाईलवाल्यांबरोबर एकाच जगात खेळू लागले. (प्लेस्टेशनवाल्या सोनीने डिसेंबर 2019 पर्यंत यासाठी दार लावून ठेवलं होतं, ते त्यांनाच शोभतं.) फक्त मित्र पीसीवर जावा ही मूळ, वेगळी आवृत्ती खेळत असेल तर जमणार नाही, त्यालाही बेडरॉकच लागेल.